शनिवारची सतरंजी

वार्षिकासाठी लेख मागताना संपादक मंडळाच्या मॅडम म्हणाल्या, "नाव, वर्ग आणि पासपोर्ट आकाराचा फोटो जोडायला विसरू नकोस." मी वर्ग जोडला आहे : द्वितीय वर्ष कला. नाव आणि फोटो जोडलेला नाही. मॅडमना वाटले, मुलगी लाजते आहे. तसे नाही. ज्या गोष्टीविषयी मी लिहिते आहे तिचाच तो एक नियम आहे, आणि तो नियम माझ्या एकटीचा नसल्यामुळे मला एकटीला मोडता येत नाही. 'माझ्या एकटीचा नाही' म्हणजे काय हे कळायला मला जवळजवळ एक वर्ष लागले.

आमच्या घरात दारू आहे. हे चार शब्द मी आजवर कोणत्याही कागदावर लिहिले नव्हते. वडील अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर आहेत. हात असा की मालक अजून त्यांना सांभाळून घेतो. पण पगाराच्या दिवशी आई दिवेलागणीपासून दाराशी उभी असते. दुकानाच्या पायरीवरून वडिलांना उठवून आणण्याचे काम मी सातवीत असल्यापासून माझ्याकडे आहे. दुकानातले लोक मला ओळखतात. "आली बघ पोरगी," असे म्हणून ते वडिलांना जागे करतात. आई चौथीपर्यंत शिकलेली. उल्हासनगरहून जीन्स पँटींचे गठ्ठे येतात, त्यांचे सुटे धागे कापण्याचे काम ती घरी बसून करते. नगाला ठरलेले पैसे मिळतात. आमच्या घरातली धूळसुद्धा निळी असते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि त्या पायरीवर पोचेपर्यंत माझ्या वह्यांवर ती निळी धूळ बसलेली असते.

दोन वर्षांपूर्वी आई गठ्ठे पोचवायला उल्हासनगरला गेली असता तिथल्या एका सिंधी वृद्धेने तिला विचारले, "घर में कोई पीता है क्या?" आईच्या चेहऱ्यावर काय दिसले कोण जाणे. त्या बाईंना सगळे दादी म्हणतात. त्यांनी आईला एका सभेला नेले. ती अल-अनॉनची सभा होती.

अमेरिकेत १९३५ साली दारू सोडू पाहणाऱ्यांनी 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना सुरू केली. तिच्या दोघा संस्थापकांपैकी बिल डब्ल्यू. यांच्या पत्नी लोइस यांनी ॲन बी. यांच्याबरोबर १९५१ साली पिणाऱ्यांच्या घरच्यांचे विखुरलेले गट एकत्र आणले. तेच अल-अनॉन. पुण्याचे मुक्तांगण बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते उभे केले. तिथे डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत. आमच्या सभेत यांतले कोणी नाही. अध्यक्ष नाही, फी नाही, हजेरीपट नाही. ज्यांच्या घरात पिणारे माणूस आहे अशा दहा-बारा बाया बसतात आणि आपापल्या घराचे सांगतात. कोणी कोणाला सल्ला देत नाही. शेवटी डबा फिरतो. ज्याला जमेल त्याने त्यात टाकावे, त्यातून खोलीचे भाडे द्यावे. पिणारा सुधारला की नाही याची चौकशी होत नाही, कारण सभा त्याच्यासाठी नसतेच. आईला हेच प्रथम पटेना. "मग जायचं कशाला?" असे ती म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली.

ती सभा हिंदीत चाले. दोन शब्द सिंधीत, चार हिंदीत. खुर्च्या, मध्येच चहा. अंबरनाथहून जाणाऱ्या पाच-सहा मराठी बायांना संध्याकाळच्या गर्दीच्या गाडीतून परतणे जड जाई. शिवाय मनातले रडगाणे परक्या भाषेत रडता येत नाही, असे आई म्हणे. म्हणून गेल्या वर्षी त्यांनी अंबरनाथमध्ये वेगळा गट काढला. (कुठे, ते लिहीत नाही. गाव मोठे झाले असले तरी चाळी अजून लहान आहेत.) पुढे बदलापूरच्याही दोघी-तिघी येऊ लागल्या. वाचून दाखवायला कोणीतरी हवे म्हणून आईने मला नेले. मीही पिणाऱ्याची मुलगी असल्यामुळे मला तिथे बसण्याचा हक्क होता. माझ्या शिक्षणाचा घराबाहेर झालेला हा पहिला उपयोग.

नवा गट निघाल्याबरोबर बायांनी काय काय बदलले ते पाहण्यासारखे होते. खुर्च्या गेल्या, सतरंजी आली. चहा बंद झाला, कारण चहाबरोबर शेजारणीची चर्चा सुरू होते. वेळ शनिवारी दुपारची ठरली. बदलापूरच्या एकीने सुचवले, सुरुवातीला आरती म्हणू या. त्यावर बराच खल झाला आणि आरती राहिली. उद्या एखादी मुसलमान किंवा ख्रिस्ती बाई आली तर ती दारातूनच परत जाईल, असे एकीने म्हटले. महिन्याची भिशी लावण्याची कल्पनाही अशीच बारगळली. एका होतकरू पुढाऱ्याने वीस खुर्च्या देऊ केल्या होत्या, पाठीवर त्याचे नाव रंगवून. त्या नाकारायला तर चर्चाही लागली नाही.

मला या सगळ्याची मोठी गंमत वाटे, कारण त्याच सुमारास वर्गात संघराज्य चालू होते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन सूच्या : संघ, राज्य आणि समवर्ती, आणि जे कोणत्याच सूचीत नाही ते शेषाधिकार केंद्राकडे. अल-अनॉनच्या बारा परंपरांपैकी चौथी मी दर शनिवारी वाचत असे. तिचा आशय असा, की प्रत्येक गट स्वायत्त आहे. मात्र दुसऱ्या गटावर किंवा सबंध अल-अनॉनवर वा ए. ए.वर परिणाम होणार असेल तिथे नाही. म्हणजे इथे शेषाधिकार उलटे, गटाकडे! हे मी आमच्या सरांना सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "परीक्षेत लिहू नकोस, पण बरोबर आहे."

खरी कसोटी पुढेच होती. आमच्या भागातले देशी दारूचे दुकान बंद करावे म्हणून महिला मंडळाच्या बाया सह्या गोळा करू लागल्या. महाराष्ट्रात २००८ सालच्या शासकीय आदेशाप्रमाणे मतदारांनी ठरावीक प्रमाणात मागणी केली तर दुकानावर गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी असते, एक आडवी. आडवीला पुरेशी मते पडली तर दुकानाला कुलूप. मंडळाच्या प्रमुख बाई आमच्या सभेपाशी आल्या. म्हणाल्या, "तुमच्याइतकं हे दुःख कोणाला ठाऊक? तुमच्या गटाचा पाठिंबा द्या, आणि सगळ्यांच्या नावांची यादी द्या. वर्तमानपत्रात देऊ."

मी तर उडीच मारली. त्याच दुकानाची पायरी माझ्या पायाखालची होती. पुढच्या सभेत मी चौथी परंपरा वाचून दाखवली आणि वकिलासारखी बोलले : गट स्वायत्त आहे, दुकान आपल्या वॉर्डातले आहे, न्यूयॉर्कचा इथे संबंध काय? एक ताई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांच्या नवऱ्याचे यकृत गेले होते. त्या म्हणाल्या, "दुकानासमोर उभं राहायचं नाही, तर इथे बसून काय नुसतं रडायचं?" सतरंजीवर शांतता पसरली. मला वाटले, आपण जिंकलो.

तेव्हा आई बोलली. सभेत ती फारशी बोलत नसे. माझी आजी फलटणकडची, माळकरी. माउलींच्या पालखीबरोबर वर्षानुवर्षे चाललेली. आई म्हणाली, "दिंडीत प्रत्येकाचा सैपाक येगळा, पाल येगळं, अभंग म्हणायची चाल येगळी. त्यात कोणी बोलत न्हाई. पण रातच्याला समाज आरतीला सगळ्या दिंड्या एका ठिकाणी येतात. चोपदारानं दंड वर केला, की टाळ बंद. तिथं आपली चाल चालत न्हाई, कारण तिथं आपण एकटं नसतो."

"आणि कोणाची तक्रार असली तर?" मी खोचकपणे विचारले.

"तर ती दिंडी टाळ वाजवतच राहती. चोपदार तिच्यापाशी जातो, गाऱ्हाणं ऐकतो, मगच आरती हुते."

निर्णय झाला नाही. पुढच्या शनिवारी उल्हासनगरहून दादी आल्या. मला वाटले होते, मोठ्या गटाच्या म्हणून त्या हुकूम देतील. त्यांनी दोन्ही हात जोडले. "हुकूम देने वाली मैं कौन? तुम्हारा ग्रुप है." त्यांनी एक गोष्ट मात्र सांगितली. १८४० साली अमेरिकेतील बाल्टिमोर गावी सहा दारुड्यांनी मिळून वॉशिंग्टोनियन नावाची चळवळ सुरू केली होती. पिणाऱ्याने पिणाऱ्याला हात द्यायचा, एवढेच तिचे मूळ काम. काही वर्षांत लाखो माणसे तिच्यात आली. मग ती दारूबंदीच्या कायद्याच्या आणि राजकारणाच्या वादांत ओढली गेली, आणि ते दशक संपता संपता जवळजवळ नाहीशी झाली. म्हणून पुढे ए. ए.ने आणि अल-अनॉनने ठरवले, की बाहेरच्या प्रश्नांवर संघटनेला मत नसावे. माणसाला असावे, हवे तेवढे असावे, संघटनेला नसावे. इतके सांगून दादींनी आम्हांला विचारले, "यह लिस्ट किस-किस को छुएगी, सोचा?"

मी सोचले नव्हते. यादी म्हणजे कागद, असेच मला वाटत होते.

हात वर करून मते घेतली. गटाच्या नावाने पाठिंबा नाही, यादी नाही. ज्या बाईला सही करायची तिने आपल्या घरी, आपल्या नावाने करावी. मी विरोधात मत दिले. त्या ताई उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या. त्या पुन्हा सभेला आल्या नाहीत. त्यांचा टाळ वाजत होता आणि आमच्यापैकी कोणीही उठून त्यांच्यापाशी गेले नाही, ही गोष्ट मला आजही सलते. दंड वर करणे आम्हांला जमले. चोपदाराचे दुसरे काम जमले नाही.

मग मी एकटीच त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, मी तुमच्याबरोबर दारोदार येते, माझ्या स्वतःच्या नावाने. पहिली सही आईची घेतली. रेशनकार्ड आणि माझे शाळेचे दाखले सोडले तर तिने कशावर सही केलेली मी पाहिली नव्हती. तिने पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासकट.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही एका चाळीत शिरलो. दार उघडले ते सतरंजीच्या कोपऱ्यात बसणाऱ्या एका बाईंनी. वर्षभरात त्या फार तर दहा वाक्ये बोलल्या असतील. माझ्याकडे पाहून त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "कोण हवंय?" असे त्यांनी अगदी अनोळखी आवाजात विचारले. आत त्यांचा भाऊ कामावर जायला निघत होता, बूट घालत होता. त्याने मान वर केली. मी त्याला ओळखले, त्यानेही मला ओळखले. "आली बघ पोरगी," म्हणणारा तो आवाज त्याचाच होता. घर त्याच्याच पगारावर चालत होते. नवऱ्याचा पगार कुठे जाई ते सांगायला नको.

ताईंनी अर्ज पुढे केला. बाईंनी तो सावकाश वाचला आणि परत दिला. "आमच्याकडे नको," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून : "पाणी घेणार का, ताई?" मी घेतले. भांडे परत देताना माझा हात थरथरत होता. त्यांचा नव्हता.

सह्या कमी पडल्या. मतदान झाले नाही. दुकान तिथेच आहे आणि वडीलही अधूनमधून तिथेच असतात. (हा प्रसंग लिहू का, असे मी त्या बाईंना विचारले. भावाने आता ते काम सोडले आहे, त्यांनी होकार दिला, आणि दोन खुणा बदलायला सांगितल्या. त्या बदलल्या आहेत.)

त्यानंतरच्या शनिवारी मी सभेला लवकर गेले. सतरंजी अंथरली. आज त्या येणार नाहीत, असे धरूनच मी दाराकडे पाठ करून वाचायचे कागद लावत होते. मागे चपला काढल्याचा आवाज आला. त्या नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आज जरा मोठ्यानं वाच गं. मागच्या वेळी पंख्यामुळं ऐकू आलं नव्हतं."