सूर हरवलेला पाव

गोव्यातल्या गावात मुक्काम असेल तर पहाटे घड्याळाचा गजर लावायची गरज नाही. सहा वाजतात न वाजतात तोच रस्त्यावरून रबरी भोंग्याचा 'पों पों' आवाज येतो. घराघरातून कुणी पिशवी घेऊन, कुणी सुटे पैसे मोजत फाटकाशी येतं. सायकलच्या मागे बांबूची भलीमोठी टोपली आणि तिच्यात गरम पाव घेऊन 'पोदेर' दारात आलेला असतो.

कोकण रेल्वेने मडगावला जाताना त्याच्या थोडं आधी माजोर्डा हे लहानसं स्टेशन लागतं. गोव्यात पाव भाजण्याची कला याच परिसरात रुजली, असं परंपरेने सांगितलं जातं. म्हणूनच आम्ही या भागात उतरलो. पावाची चव भट्टीत ठरते की त्याआधीच, हे आम्हाला जाणून घ्यायचं होतं.

माडावरचं विरजण

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकला, तेव्हा त्यांना रोजच्या जेवणात पाव हवा होता. पण पीठ फुगवायचं कशाने? उत्तर माडावर सापडलं. माडाचा न उमललेला फुलोरा छेदला की त्यातून गोड रस ठिबकतो. तो मडक्यात जमतो आणि काही तासांतच फसफसू लागतो. हीच ताडी, गोव्याच्या भाषेत 'सूर'. ती काढणारा तो 'रेंदेर'.

आपण दुधाला विरजण लावतो, तशीच ही सूर पिठाला लावायची. तिच्यात यीस्ट असतं, तसेच आंबटपणा आणणारे जिवाणूही असतात. यीस्ट पिठातली साखर खाऊन वायू सोडतं, त्याने पीठ फुगतं. जिवाणू आम्ल तयार करतात, त्यातून चव आणि वास येतो. पाव लवकर बुरसत नाही, तोही या आम्लामुळेच. बाजारातल्या पुडीत मात्र निवडून वाढवलेलं यीस्ट तेवढं असतं. ते झपाट्याने पीठ फुगवतं, पण जिवाणूंचं काम करायला तिथे फारसं कुणी नसतं.

जसं पीठ, तसा पाव

आम्ही गेलो तेव्हा गावातल्या एका भट्टीत रात्रीची मळणी चालली होती. एका बाजूला मैद्याचा पांढराशुभ्र गोळा, दुसऱ्या बाजूला कणीक आणि मैदा मिसळलेला तपकिरी गोळा. दोन्हींत खमीर एकच. तरी तासाभराने पाहिलं तर तपकिरी गोळ्याने आधी उचल घेतली होती.

"काका, हे कसं?" आम्ही विचारलं.

"बाय, कोंड्यात जीव असता," हात न थांबवता ते म्हणाले.

त्यांचं बोलणं शास्त्रालाही धरून आहे. गव्हाच्या कोंड्यात आणि अंकुरात खनिजं व पाचक द्रव्यं जास्त असतात. सूक्ष्म जिवांना ती मानवतात, म्हणून कणीक लवकर आंबते. पण कोंड्याचे बारीक कण पिठातला चिकट ताणा तोडतात आणि वायू निसटतो. परिणामी कणकेचा पाव कमी फुगतो आणि भरीव होतो. मैद्याचा ताणा अखंड राहतो, त्यामुळे त्याचा पाव हलका आणि उंच होतो.

गोव्यातले पावाचे प्रकार या हिशोबातूनच समजतात. चौकोनी मऊ पाव आणि कडक सालीचा उंडो मैद्याचा. कात्रीने कापून आकार दिलेला कात्र्याचा पाव आणि चहात बुडवून खायची कुरकुरीत काकणंही मैद्याचीच. कोंडा लावलेली, आतून पोकळ अशी गोल पोई मात्र खरी कणकेची. तांदळात तो चिकट ताणा नसतोच. म्हणून सूर घातलेलं तांदळाचं पीठ भट्टीत न जाता वाटीत वाफवलं जातं आणि त्याची लुसलुशीत सान्नं होतात.

रेंदेर कुठे गेले?

"तुमच्या पावात सूर असते का?" या प्रश्नावर काकांचा हात पहिल्यांदा थांबला.

"सूर मेळना, बाय. रेंदेर खंय आसात?"

सूर मिळत नाही, रेंदेर आहेत कुठे! दिवसातून तीनदा माडावर चढायचं, पावसाळ्यात निसरड्या खोडावरून उतरायचं. रेंदेराच्या मुलांना हे काम नको आहे, आणि त्यांना दोष कोण देणार? जी थोडी सूर निघते ती फेणी आणि व्हिनेगरकडे जाते. भट्टीवाल्याला ती परवडत नाही. म्हणून बहुतेक भट्ट्यांत आता यीस्टची पुडी फुटते. अनेक ठिकाणी पोईसुद्धा मैद्याचीच करून वरून कोंडा भुरभुरतात. रूप तेच, आतला ऐवज वेगळा.

त्या दिवशी काकांच्या घरी सान्नांसाठी बाटलीभर सूर आली होती. आमच्या आग्रहाखातर त्यांनी तिच्यात मूठभर कणीक भिजवली आणि रात्रभर झाकून ठेवली. पहाटे भट्टीच्या कडेला दोन पोया भाजल्या. यीस्टच्या पोईइतक्या त्या फुगल्या नव्हत्या. पण तोडताच किंचित आंबूस, किंचित गोड वास दरवळला. काकांच्या वृद्ध आईने एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत.

तुम्ही गोव्याला गेलात, तर हॉटेलातल्या टोस्टवर न थांबता सकाळी भोंगा ऐकून बाहेर या. पोई तोडून पाहा. आतला गर तपकिरी असेल तर ती कणकेची. पांढरा असेल आणि कोंडा नुसता वरवरच असेल, तर ती मैद्याची. पोदेराला कणकेचीच पोई मागा आणि दोन पैसे जास्त पडले तरी घासाघीस करू नका. मागणारं गिऱ्हाईक असेल तरच भट्टीत कणीक मळली जाईल, आणि कुणी सांगावं, एखादा रेंदेर पुन्हा माडावर चढेलही.

निघताना काकांनी चार पोया कागदात बांधून दिल्या. मडगाव स्टेशनवर पुडकं उघडलं, तेव्हा सर्वांत खाली सुरेची उरलेली अर्धी पोई होती.