जात्यावरचे चिंतन

जीवनाविषयीचे शहाणपण निवांत बैठकीतच सुचते, हा समज परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या गंगाखेडात जन्मलेल्या संत जनाबाईंच्या रचनांपुढे टिकत नाही. कारण तेराव्या शतकातील या कवयित्रीचे आयुष्य पंढरपुरात संत नामदेवांच्या घरी दळण, कांडण, झाडलोट आणि शेणी वेचणे अशा कामांत गेले, आणि त्याच कामांतून त्यांचा अभंग, म्हणजे वारकरी संतांनी विठ्ठलभक्तीसाठी रूढ केलेला गेय पद्यप्रकार, आकाराला आला. त्यांच्या नावावर आज सुमारे ३५० अभंग आहेत. त्यांत विठ्ठल स्वतः दळू लागतो, शेणी वेचू लागतो. कष्टाला सोबत मिळावी ही माणसाची आदिम भूक इतक्या निःसंकोचपणे क्वचितच कोणी मांडली असेल. याच विठ्ठलावर त्या रागावतात, त्याला शिव्याही देतात, आणि अशा रागावाचून जवळीक पुरी होत नाही, हे मनुष्यस्वभावाचे मर्म त्यातून उलगडते.

पुढे तत्कालीन परभणी जिल्ह्यातील सातोना येथे जन्मलेल्या बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांनीही निजामी राजवटीत कारकुनी करीत कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहिल्या.

कलेला फुरसत हवी, हे खरेच. परंतु ती न लाभलेल्यांनी जे निर्माण केले, त्याला केवळ भाबडी भक्ती किंवा प्रादेशिक साहित्य म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. जनाबाईंचे अभंग विचारवंताचे लेखन म्हणून वाचले जावेत.