ओहोटीचे अंगण

आमच्या कवठे महांकाळवरून जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्ग समुद्रकाठच्या गावाहून येतो. तरीही येथील कित्येक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चार कुटुंबे मिळून रत्नागिरीजवळच्या भाट्ये किनाऱ्यावर गेलो. ओहोटीचे पाणी आत ओढते, म्हणून मोठ्यांनी ओल्या वाळूत रेघ आखली. तिच्यापुढे कुणी जायचे नाही, आणि प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस. मग किल्ले उभे राहिले, शिंपले वेचले गेले. खेकड्यांच्या बिळांभोवतीच्या वाळूच्या गोळ्या मोजण्यात आजोबाही रमले.

एका चिमुरडीने ओंजळ तोंडाला लावली आणि तिचा चेहरा पडला. "फादर, एवढं पाणी, अन् पिता येत न्हाई?"

टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीवरची ती लेक. मला उत्तर सुचेना. आईने तिला जवळ घेतले. "ह्याचंच ढग हून आपल्याकडं येत्यात, बाळा."

बहुतेक ढग सह्याद्रीवरच रिते होतात, हे मी बोललो नाही.

पुढच्या रविवारी अग्रणीच्या कोरड्या पात्रात तीच मुले किल्ले बांधीत होती. प्रत्येक किल्ल्याभोवती त्यांनी पाण्यासाठी खंदक खणून ठेवला होता.