दादांची स्कूटर

माझे बालपण नागपूरच्या गांधीबागेत गेले. गांधीबाग म्हणजे कापडाचा मोठा बाजार. सकाळी दुकाने उघडली की हमाल गठ्ठे उचलू लागत. अरुंद रस्त्यांवर हातगाड्या, सायकली आणि रिक्षा यांची गर्दी होई. याच बाजारात माझ्या अब्बांचा लहानसा व्यवसाय होता. घाऊक दुकानांतून कापडाची थाने घ्यायची आणि ती शहरातल्या व कामठीच्या शिंप्यांना पोहोचवायची, हे त्यांचे रोजचे काम होते. या कामात त्यांना एकच सोबती होता. तो म्हणजे आमची जुनी स्कूटर.

ही स्कूटर दादांनी १९६६ साली घेतली होती. मराठीत मोठ्या भावाला दादा म्हणतात. पण आमच्या घरी दादा म्हणजे अब्बांचे वडील. त्या काळी स्कूटर विकत घेणे सोपे नव्हते. आधी नाव नोंदवावे लागे आणि मग कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे स्कूटर घरी आली त्या दिवशी सगळ्या मोहल्ल्याला मिठाई वाटली होती, असे अम्मी सांगत असे.

स्कूटरचे नाव होते व्हेस्पा. हा इटालियन भाषेतला शब्द आहे. त्याचा अर्थ गांधीलमाशी. ही गाडी इटलीत १९४६ साली प्रथम तयार झाली. तिचा आराखडा कोरादिनो दास्कानिओ या अभियंत्याने केला. तो मूळचा विमाने तयार करणारा. म्हणून त्याने स्कूटरला सायकलीसारखा नळ्यांचा सांगाडा दिला नाही. वाकवलेल्या पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. पुढे पुण्याजवळ आकुर्डी येथे बजाजच्या कारखान्यात अशा स्कूटर तयार होऊ लागल्या. आमची स्कूटर तिथलीच.

मी आठवीत होतो तेव्हा ती तीस वर्षांची झाली होती. तिचा हिरवा रंग फिका पडला होता. सकाळी ती सुरू करण्याची एक ठरलेली पद्धत होती. अब्बा तिला एका बाजूला वाकवत, थोडा वेळ तशीच धरत, मग सरळ करून किक मारत. कधी पाचव्या किकला, तर कधी पंधराव्या किकला ती सुरू होई. आम्हांला त्याची सवय झाली होती. थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला आपण जसे सांभाळून घेतो, तसे आम्ही तिला सांभाळून घेत होतो.

पण १९९६ च्या मार्च महिन्यात एक गोष्ट घडली.

माझी आपा त्या वर्षी दहावीला होती. तिचे परीक्षा केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी अब्बा तिला स्कूटरवर घेऊन निघाले. मीही मधे उभा होतो, कारण परतताना मला शाळेत सोडायचे होते. सेंट्रल अव्हेन्यूवर गर्दीत स्कूटरने दोन-तीन आचके दिले आणि ती बंद पडली. अब्बांनी किक मारली. प्लग काढून पुसला. पुन्हा किक मारली. त्यांचा सदरा घामाने भिजला. पण स्कूटर काही सुरू होईना. आपा एक शब्दही बोलली नाही. पेन आणि पट्टी हातात घट्ट धरून ती फक्त रस्त्याकडे पाहत होती. शेवटी एक सायकल रिक्षा मिळाली. आपा केंद्रावर पंचवीस मिनिटे उशिरा पोहोचली.

निकाल लागला तेव्हा आपा गणितात थोड्या गुणांनी नापास झाली होती. बाकी सर्व विषयांत तिला चांगले गुण होते. अब्बा त्या रात्री नीट जेवले नाहीत. आपाच त्यांना म्हणाली, "अब्बा, तुम्ही मन लहान करू नका. मी ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसेन."

दुसऱ्या दिवशी अब्बा स्कूटर ढकलत उस्तादांकडे गेले. मीही मागून ढकलत होतो. बाजाराच्या मागच्या गल्लीत उस्तादांचे लहानसे गॅरेज होते. उस्तादांनी इंजिन तपासले, हात पुसले आणि ते म्हणाले, "भाईजान, हे इंजिन आता थकले आहे. याचे सिलिंडर मी तीनदा बोअर करून मोठे केले. आता आणखी घासायला जागाच उरली नाही. क्रँकही सैल झाली आहे."

मग त्यांनी मला जवळ बोलावले. चाकासारखा एक जड भाग काढून त्यांनी आत दोन छोटे तुकडे दाखवले. "बेटा, हे पॉइंट. इंजिनाच्या प्रत्येक फेरीला हे एकदा उघडतात आणि मिटतात. उघडले की प्लगमध्ये ठिणगी पडते. ठिणगीने पेट्रोल पेटते. पण घासून घासून यांच्यातले अंतर बदलते, त्यावर काजळी बसते. बाजूचा हा कंडेन्सर जुना झाला की तापल्यावर दगा देतो. म्हणून तुमची गाडी सकाळी चालते आणि भर रस्त्यात थांबते. नव्या इंजिनात पॉइंट नसतातच. तिथे लोहचुंबक एका गुंडाळीजवळून नुसते फिरते आणि एक इलेक्ट्रॉनिक डबी ठिणगी पाडते. जिथे घासणे नाही, तिथे झिजणे नाही."

"मग काय करावे, उस्ताद?" अब्बांनी विचारले.

शेजारी बसलेला एक माणूस म्हणाला, "भंगारात द्या. नाहीतर पत्रा कापून एखाद्या बिनगिअरच्या स्कूटरचे इंजिन बसवा."

उस्तादांनी मान हलवली. "पत्रा कापायचा नाही. या गाडीचे अंग हीच तिची हाडे आहेत. हाडे कापली तर ताकद कुठे राहील? आपण हिच्याच घराण्यातले इंजिन घेऊ. बजाज सुपरचे. ते हिच्या जागेवर बसते."

आता इंजिनाचा शोध सुरू झाला. आठ दिवसांनी एक अनोळखी माणूस गॅरेजमध्ये आला. त्याच्याकडे पोत्यात बांधलेले इंजिन होते. ते जवळजवळ नवे दिसत होते आणि तो फारच कमी पैसे मागत होता. अब्बांचे डोळे चमकले. आमची परिस्थिती बेताचीच होती. पण उस्तादांनी विचारले, "कागद कुठे आहेत?" तो माणूस म्हणाला, "कागदांचे काय करता? इंजिन चालते ना!"

उस्तादांनी पोते परत त्याच्या हातात दिले. तो गेल्यावर अब्बा हळूच म्हणाले, "उस्ताद, एवढ्या स्वस्तात पुन्हा मिळणार नाही."

उस्ताद म्हणाले, "भाईजान, हे कोणाच्या गाडीचे आहे, आपल्याला ठाऊक नाही. चोरीचे असेल तर? ज्याची गाडी गेली, त्याच्या घरीही परीक्षेला जाणारी एखादी मुलगी असेल."

अब्बांनी मान खाली घातली. पुढे ते या विषयावर एक शब्दही बोलले नाहीत.

आणखी तीन आठवडे गेले. त्या दिवसांत अब्बा सायकलवर कामठीला जात. नागपूरचे ऊन ज्याने पाहिले आहे, त्यालाच त्याचा अर्थ कळेल. डोक्याला ओला दुपट्टा बांधून, मागे कापडाचा गठ्ठा घेऊन ते निघत आणि संध्याकाळी परतत. अखेर उस्तादांना अपघातात पुढून चेपलेली एक बजाज सुपर मिळाली. तिचे इंजिन चांगले होते. मालकाने पावती लिहून दिली आणि गाडीचे कागद दाखवले. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नवा क्रमांक गाडीच्या नोंदणी पुस्तकात लिहून घ्यावा लागतो. त्यासाठी अब्बांनी रांगेत उभे राहून अर्ज दिला. परवानगी मिळाल्यावरच उस्तादांनी पाना हातात घेतला.

तो दिवस मला आजही आठवतो. या स्कूटरला साखळी नसते. मागचे चाक थेट इंजिनाला जोडलेले असते. सगळे इंजिन एका लांब बोल्टवर झोक्यासारखे टांगलेले असते आणि मागे शॉक ॲब्सॉर्बर त्याला धरून ठेवतो. गिअर, क्लच आणि ब्रेक यांच्या तारा सोडवल्या, पेट्रोलची नळी काढली, विजेच्या तारा सुट्या केल्या, की दोन बोल्ट काढून इंजिन खाली येते. ऐकायला किती सोपे! पण तो लांब बोल्ट तीस वर्षांत गंजून आत चिकटला होता. उस्तादांनी त्यावर रात्रभर रॉकेल सोडले. सकाळी लाकडाचा तुकडा ठेवून हळूहळू हातोडी मारली. मी म्हणालो, "उस्ताद, जोरात मारा ना!" ते म्हणाले, "जोरात मारले तर बोल्ट निघेल. पण घर तुटेल." दुपारी तो बोल्ट निघाला.

नवे इंजिन आपल्या जागी बसले. जुन्या गाडीची वीज सहा व्होल्टची होती, नव्या इंजिनाची बारा व्होल्टची. म्हणून उस्तादांनी दिव्यांचे बल्ब आणि भोंगा बदलला. मग त्यांनी दोन्ही चाकांचे ब्रेक उघडले. अब्बा म्हणाले, "ब्रेक तर चालतात." उस्ताद हसले. "इंजिन जवान झाले, भाईजान. आता ब्रेक म्हातारे ठेवून कसे चालेल? आधी थांबता आले पाहिजे, मग धावायचे."

संध्याकाळी अब्बांनी स्कूटर बाहेर काढली. सवयीने ती वाकवली, सरळ केली आणि किक मारली. पहिल्याच किकला ती सुरू झाली. अब्बा दचकलेच! आम्ही सगळे हसलो. उस्ताद मात्र मला म्हणाले, "बेटा, पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालायचे काम तुझे. ते विसरलास तर नवे इंजिनही एका दिवसात जाम होईल."

घरी येताना मी अब्बांना विचारले, "अब्बा, इंजिनच बदलले. मग ही आता दादांची स्कूटर राहिली का?"

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दादांनी ही स्कूटर कशासाठी घेतली होती? घरच्या माणसांना वेळेवर पोहोचवण्यासाठी. इतके दिवस ती ते काम विसरली होती. आता पुन्हा करील. मग ती त्यांचीच नाही का?"

ऑक्टोबरमध्ये आपाची परीक्षा झाली. त्या दिवशी आम्ही केंद्रावर पाऊण तास आधी पोहोचलो. आपा स्कूटरवरून उतरली. तिने हँडलवर हलकेच हात ठेवला आणि ती आत गेली. या वेळी ती पास झाली.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. उस्ताद आज नाहीत. गिअरच्या जुन्या पेट्रोल स्कूटर कारखान्यांतून बाहेर पडणे कधीच थांबले. २०१२ साली व्हेस्पा नव्या इंजिनासह बारामतीच्या कारखान्यातून पुन्हा आली. बजाजच्या चेतक स्कूटरला राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव दिलेले होते. २०२० पासून त्याच नावाची, विजेवर चालणारी स्कूटर रस्त्यावर आली. ती जवळून गेली तरी आवाज होत नाही.

आमची हिरवी स्कूटर अजून आहे. आपाचा मुलगा तिच्याभोवती फिरतो आणि म्हणतो, "मामू, पत्रा थोडा कापला तर हिच्यात विजेची मोटर बसेल." मी त्याला रागावत नाही. नवे आणावे, जरूर आणावे. ज्या गाडीवर भरवसा ठेवता येत नाही, ती नुसती जपून काय उपयोग? पण मी त्याला गॅरेजमधली ती गोष्ट सांगतो. काय बदलायचे आणि काय कापायचे नाही, हे आधी ठरव. ज्या वस्तूचे कागद नाहीत, तिला हात लावू नकोस. आणि गंजलेला बोल्ट काढताना घाई करू नकोस.

तो ऐकतो. मग सवयीने स्कूटर एका बाजूला वाकवतो, सरळ करतो आणि किक मारतो. वाकवण्याची आता काही गरज नसते. पण ही सवय अब्बांची आहे. ती आम्ही बदललेली नाही.