पुटपुटण्याचे सुख

वीस वर्षे मराठी शिकवली की माणसाचे एक होते. तो वाचत नाही, तपासतो. कविता समोर आली की हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो.

पदवीच्या वर्गाला मी फादर स्टीफन्स शिकवतो. १५७९ मध्ये गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट; त्याचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. त्या ओव्यांमागचा मूळ ग्रंथ पाहावा म्हणून मी बायबल घरी आणले आणि स्तोत्रसंहितेतच अडकलो. दीडशे स्तोत्रे! पहिल्यातच एक भाग्यवान गृहस्थ भेटतो. तो शास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो आणि पाण्याकाठच्या झाडासारखा फळतो. मनन म्हटले की आपल्यापुढे मिटलेले डोळे आणि मिटलेले ओठ येतात. पण तिथल्या इब्री क्रियापदाचा अर्थ आहे पुटपुटणे! यशयाच्या ग्रंथात हेच क्रियापद पारव्याच्या घुमण्याला वापरले आहे आणि शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहालाही. म्हणजे मनन हे ओठांचे काम. पोथीवर बोट ठेवून अर्ध्या आवाजात वाचणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुणी सांगावे लागले नव्हते.

मीही तसेच वाचू लागलो. रोज पहाटे एक स्तोत्र, चहाच्या आधी. पुटपुटताना घाई करता येत नाही, हा मोठाच फायदा. एकशेएकोणिसावे स्तोत्र तर भाषेच्या माणसाला मेजवानीच आहे. इब्री वर्णमालेची बावीस अक्षरे, प्रत्येक अक्षराने सुरू होणाऱ्या आठ-आठ ओळी, एकूण १७६, आणि विषय एकच : देवाच्या वचनाची गोडी. एवढी कसरत करूनही कवी दमलेला वाटत नाही. (आमच्या मोरोपंतांना हा गडी आवडला असता.)

पंडिता रमाबाईंचे भाषांतरही अधूनमधून चाळतो. आईवडिलांबरोबर गावोगाव पुराणे सांगत हिंडलेल्या या संस्कृत पंडितेने केडगावला बसून इब्री आणि ग्रीक मुळावरून सारे बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्वत्तेने इतके साधे बोलावे, याचा मला हेवा वाटतो.

वडील गेले त्या पावसाळ्यात भेटायला येणारा प्रत्येकजण समजूत घालत होता. कुणी आत्म्याचे अमरत्व सांगे, कुणी त्यांचे वय. तेव्हा मी अठ्ठ्याऐंशिव्या स्तोत्रापाशी थांबलो. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही. देवाला हाका मारमारून ते थेट अंधारात संपते, आणि तरीही कुणीतरी ते शास्त्रात ठेवले! मला त्या स्तोत्राने समजावले नाही. ते नुसते शेजारी बसले.

आई कॉटवरून ऐकत होती.

“काय रे पुटपुटतोस? बाटणारबिटणार नाहीस ना?”

“नाही गं आई. वाचतोय.”

“मग मोठ्याने वाच.”

मी वाचले. संपल्यावर ती म्हणाली, “पुढे?”

“पुढे काही नाही. इथेच संपते.”

ती बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “उद्याही हेच वाच.”