अनुक्ताचे चेहरे

स्पॅनिश चित्रपट म्हटला की आपल्याकडच्या जाणकारांना पेद्रो आल्मोदोवार आठवतो, आणि थोडे मागे गेल्यास लुईस बुन्युएल. यांपैकी पहिला फ्रँकोच्या मृत्यूनंतर पुढे आला आणि दुसऱ्याची बरीचशी कारकीर्द मेक्सिकोत व फ्रान्समध्ये गेली. १९३९ साली यादवी युद्ध जिंकून जनरल फ्रान्सिस्को फ्रँकोने सगळा देश ताब्यात घेतला आणि १९७५ साली तो मरण पावला. या छत्तीस वर्षांत खुद्द स्पेनमध्ये निघालेले चित्रपट आपल्या चर्चेत क्वचितच येतात. हुकूमशाहीच्या दडपणाखाली प्रचारपट आणि नाचगाणी यांपलीकडे काय निघणार, असे आपण बहुधा गृहीत धरलेले असते. गेली काही वर्षे आम्ही या काळातील चित्रपट मिळतील तसे पाहत आलो आहोत, आणि त्यांतले नटनट्यांचे चेहरे आमच्या मनात ठाण मांडून बसले आहेत. त्या चेहऱ्यांविषयी हे थोडेसे.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. साहित्यशास्त्राच्या तासाला शब्दशक्ती समजावून देताना आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त घेतलेली ‘गाथासप्तशती’तील एक गाथा आम्ही दर वर्षी सांगतो. गोदाकाठच्या कुंजात प्रियकराला भेटणारी एक स्त्री तिथे फिरणाऱ्या एका धार्मिक गृहस्थाला सांगते की, ज्या कुत्र्याची तुम्हांला भीती वाटत होती त्याला कुंजातल्या सिंहाने मारून टाकले आहे, तेव्हा आता निर्धास्त फिरा. वाच्यार्थ निमंत्रणाचा, व्यंग्यार्थ निषेधाचा. विद्यार्थी हसतात आणि त्यांना व्यंजना कळते. फ्रँकोकालीन स्पॅनिश चित्रपट पाहताना ही गाथा आम्हांला वारंवार आठवत गेली, कारण सेन्सॉर हा स्वभावतः वाच्यार्थाचा वाचक असतो. त्याच्या टेबलावर कागद येतो, आणि कागदावर नटाचा चेहरा नसतो.

स्पेनमधील ही तपासणी दुहेरी होती. पटकथा चित्रीकरणापूर्वी मंजूर करून घ्यावी लागे आणि तयार चित्रपट पुन्हा तपासला जाई. परदेशी चित्रपटांसाठी आणखी एक उपाय होता. एप्रिल १९४१च्या आदेशाने त्यांवर स्पॅनिश आवाज चढवण्याची सक्ती झाली. ही सक्ती काही वर्षांनी उठली, पण प्रथा आणि प्रेक्षकांची सवय कायम राहिली. आवाज बदलता आला की अर्थ बदलता येतो. ‘कासाब्लांका’चा नायक स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढला होता, हा उल्लेख स्पॅनिश आवृत्तीतून नाहीसा झाला. ‘मोगँबो’ (१९५३) या चित्रपटात ग्रेस केली एका विवाहित स्त्रीच्या भूमिकेत परपुरुषाच्या प्रेमात पडते. व्यभिचार नको म्हणून स्पॅनिश संवादांत तिला आणि तिच्या नवऱ्याला बहीणभाऊ करण्यात आले. परिणाम असा झाला की पडद्यावर एकमेकांशी नवराबायकोसारखी वागणारी भावंडे दिसू लागली. एक पाप झाकण्यासाठी त्याहून मोठ्या पापाची शंका प्रेक्षकांच्या मनात पेरली गेली. जीभ बदलता आली, चेहरे बदलता आले नाहीत.

खुद्द स्पेनच्या कलावंतांनी या फटीचा उपयोग केला. लुईस गार्सिआ बेर्लांगाचा ‘बिएनवेनिदो, मिस्टर मार्शल’ (१९५३) हा चित्रपट मुळात लोलिता सेविया या गायिकेला पुढे आणण्यासाठी योजलेला होता; आंदालुसियाच्या ढंगाची गाणी त्यात असणे ही निर्मात्यांची अट होती. कास्तीलमधल्या एका दरिद्री खेड्यात अमेरिकन पाहुणे येणार म्हणून वर्दी येते. मदत मिळावी या आशेने सगळे गाव आंदालुसियाचे कपडे घालून, खोट्या भिंती उभारून सजते. पाहुण्यांच्या मोटारी धूळ उडवत न थांबता निघून जातात, आणि खर्चाची भरपाई गावकरी आपापल्या घरातल्या चीजवस्तू देऊन करतात. मार्शल योजनेतून स्पेनला वगळले गेले होते, हे प्रेक्षकांना ठाऊकच होते. कर्णबधिर सरपंचाची भूमिका पेपे इस्बेर्तची आहे. गावासमोर सज्जात उभा राहून तो भाषण करतो: मी तुम्हांला एक खुलासा देणे लागतो, आणि तो देणार आहे, असे पुन्हा पुन्हा सांगतो, खुलासा येतच नाही. ठेंगणा, गोलमटोल, घोगऱ्या आवाजाचा हा म्हातारा काहीच बोलत नाही, आणि म्हणून सज्जातून केलेली सगळीच भाषणे त्या एका भाषणात ऐकू येतात. गोदाकाठच्या त्या स्त्रीसारखीच ही युक्ती आहे. शीर्षकात स्वागत, आणि तात्पर्यात त्याच्या नेमके उलट.

हुआन अंतोनिओ बार्देम हा बेर्लांगाचा या चित्रपटातील सहलेखक. १९५५ साली सालामांकाच्या परिषदेत त्याने आपल्या देशाच्या चित्रपटाची जी झडती घेतली ती गाजली. तो राजकीयदृष्ट्या निष्प्रभ, सामाजिकदृष्ट्या खोटा, बौद्धिकदृष्ट्या हीन, सौंदर्यदृष्ट्या शून्य आणि उद्योग म्हणून मोडकळीला आलेला आहे, असा तिचा आशय होता. त्याच वर्षी त्याचा ‘मुएर्ते दे उन सिक्लिस्ता’, म्हणजे ‘एका सायकलस्वाराचा मृत्यू’, हा चित्रपट कान महोत्सवात समीक्षकांच्या पारितोषिकाचा मानकरी ठरला. हुआन आणि त्याची विवाहित श्रीमंत प्रेयसी मारिया होसे यांच्या मोटारीखाली एक सायकलस्वार सापडतो. तो जिवंत असतो, पण प्रकरण उघड होईल म्हणून दोघे त्याला तसाच सोडून निघून जातात. आम्हांला जो प्रसंग सोसवत नाही तो वर्गातला आहे. हुआन विद्यापीठात गणित शिकवतो. फळ्यावर एक विद्यार्थिनी गणित सोडवत असते, आणि याचे डोळे वर्तमानपत्रातल्या त्या मृत्यूच्या बातमीवर खिळलेले असतात. आतल्या आत हादरलेला तो तिला मध्येच थांबवतो आणि नापास करतो. विद्यार्थी चिडून उठतात. एका मृत्यूवर पांघरूण घालणारा मास्तर दुसरा अन्याय किती सहज करतो, हे आल्बेर्तो क्लोसासच्या थिजलेल्या चेहऱ्यावर दिसते. यादवी युद्धातल्या प्रेतांविषयी चित्रपटात उघड आरोप नाही. एवढेच कळते की ज्या रस्त्यावर सायकलस्वार पडला, तिथेच हुआन पूर्वी सैनिक म्हणून लढला होता.

या चित्रपटात लुचिया बोसेने रंगवलेली नायिका शेवटी मरते. व्यभिचारिणीला शिक्षा व्हावी हा सेन्सॉरचा आग्रह होता. बार्देमने तो मान्य केला, पण तिला मारताना समोर पुन्हा एक सायकलस्वार आणला. त्याला चुकवण्याच्या नादात तिची मोटार पुलावरून कोसळते. तो क्षणभर घुटमळतो आणि दूरच्या उजेडाच्या दिशेने मदत आणायला निघतो. सेन्सॉरला पापिणीचा अंत मिळाला. प्रेक्षकाला मिळाला तो एक गरीब माणूस, ज्याने श्रीमंतांनी टाळलेली गोष्ट केली.

या गंभीर चित्रपटांना सरसकट प्रेक्षक लाभला, असा समज होऊ नये. लोकांनी डोक्यावर घेतली ती सारा मोंतिएल. हॉलिवूडमध्ये गॅरी कूपरबरोबर ‘वेरा क्रूझ’ (१९५४) करून आलेल्या या नटीने हुआन दे ओर्दुन्याच्या ‘एल उल्तिमो कुप्ले’ (१९५७) या अल्पखर्ची चित्रपटात काम केले. हाताशी धड पैसा नसल्याने गाण्यांसाठी वेगळी गायिका न घेता तिनेच ती आपल्या खर्जातल्या, रेंगाळत्या आवाजात म्हटली, असे सांगतात. माद्रिदमध्ये हा चित्रपट जवळजवळ वर्षभर चालला. नायिका शेवटी रंगमंचावर मरते, तेव्हा नीतीचा हिशेब चुकता झालेला असतो. पण त्याआधी दीड तास पडद्यावर एक स्त्री स्वतःच्या इच्छेने जगत असते. जिथे स्त्रीच्या इच्छेला नागरी कायद्यातही फारशी जागा नव्हती, तिथे मोंतिएलच्या अर्धोन्मीलित डोळ्यांनी जे सांगितले ते प्रेक्षकांना, विशेषतः स्त्रियांना, कळले नसेल असे आम्हांला वाटत नाही.

सेन्सॉर आणि कलावंत यांच्यातील या खेळाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बुन्युएलच्या ‘व्हिरिदियाना’चे (१९६१). जोगीण होण्याच्या उंबरठ्यावरून परतलेली व्हिरिदियाना अखेरीस आपल्या मामाच्या अनौरस मुलाचे, होर्खेचे, दार ठोठावते आणि आत गेल्यावर दार बंद होते, असा मूळ शेवट होता. तो नाकारला गेला. मग बुन्युएलने तिला होर्खे आणि मोलकरीण रामोना यांच्याबरोबर पत्ते खेळायला बसवले. कागदावर हा शेवट निरुपद्रवी होता. पडद्यावर फ्रान्सिस्को राबालचे मिश्किल हसू आणि सिल्व्हिया पिनालचे खाली वळलेले डोळे दिसतात, आणि दोघांच्या जागी तिघांचा संसार सूचित होतो. कान महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च सन्मान विभागून मिळाला आणि स्पेनच्या चित्रपट खात्याच्या प्रमुखाने स्वतः तो स्वीकारला. व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने टीका करताच त्या अधिकाऱ्याची उचलबांगडी झाली आणि चित्रपटावर बंदी आली. स्पेनमध्ये तो १९७७ सालीच दाखवला गेला.

बेर्लांगाचा ‘एल बेर्दुगो’, म्हणजे ‘जल्लाद’ (१९६३), हा आमच्या मते या काळातील सर्वश्रेष्ठ चित्रपट. सरकारी घर मिळावे म्हणून प्रेते वाहणारा एक साधा तरुण सासऱ्याची जल्लादाची नोकरी पत्करतो. प्रत्यक्ष फाशीची वेळ कधी येणारच नाही, या भरवशावर. सासरा पुन्हा पेपे इस्बेर्तच, वय सत्त्याहत्तर. आपले काम इतर देशांतल्या पद्धतींपेक्षा किती माणुसकीचे आहे हे तो ज्या प्रेमळ चेहऱ्याने सांगतो, त्या चेहऱ्यातच सगळी भीती आहे. मायोर्काच्या गुहेत पाण्यावर संगीत चाललेले असते आणि होडीतून आलेले शिपाई कर्ण्यावरून जावयाचे नाव पुकारतात, तेव्हा निनो मान्फ्रेदीचा चेहरा क्षणात विझतो. पुढे तुरुंगाच्या पांढऱ्याफटक दालनातून दोन घोळके जातात. मरणारा आपल्या पायांनी चालतो आणि मारणाऱ्याला ओढत न्यावे लागते.

आमच्या महाविद्यालयात हे चित्रपट दाखवल्यावर एक प्रश्न हमखास येतो: मग सेन्सॉर नसता तर हे चित्रपट इतके चांगले झाले असते का? प्रश्न हुशार आहे, आणि म्हणूनच धोक्याचा आहे. व्यंजनेचे कौतुक करता करता आपण मुस्कटदाबीचे कौतुक कधी करू लागतो, ते कळत नाही. साहित्यशास्त्र शिकवणाऱ्यांना तर हा मोह अधिकच. ‘व्हिरिदियाना’चा नवा शेवट जुन्यापेक्षा सरस ठरला हे खरे, पण तो चित्रपट काढणारी युनिन्सी ही संस्था त्यापायी बंद पडली, हेही तितकेच खरे. तिने पुढे जे चित्रपट काढले असते ते आपण कधीच पाहणार नाही. १९५६ साली ‘काये मायोर’चे चित्रीकरण चालू असताना बार्देमला अटक झाली. सेन्सॉरने कलावंताला सूक्ष्मता शिकवली असे म्हणणे, दुष्काळाने शेतकऱ्याला काटकसर शिकवली असे म्हणण्यासारखे आहे. गोदाकाठची ती स्त्री आडवळणाने बोलते, कारण सरळ बोलण्याची सोय तिला नाही. गाथेच्या सौंदर्यात तिची ही अडचण विसरून चालत नाही.

चेहरे केवळ विरोधाचेच असतात असेही नाही. आल्फ्रेदो मायो हा राजवटीचा लाडका नायक. १९४२च्या ‘रासा’ या चित्रपटाची कथा खुद्द फ्रँकोने टोपणनावाने लिहिली होती आणि तिच्यातला वीरपुरुष मायोने रंगवला होता. चोवीस वर्षांनी कार्लोस साउराने याच मायोला ‘ला कासा’त, म्हणजे ‘शिकार’ या चित्रपटात, घेतले. जुन्या रणभूमीवर सशांची शिकार करायला आलेले मध्यमवयीन माजी सैनिक अखेर एकमेकांवरच बंदुका रोखतात. यादवी युद्धाचे नाव घ्यायला परवानगी नव्हती, आणि मायोचा चेहरा समोर असल्यावर ते घेण्याची गरजही उरली नाही. पुतळ्याला म्हातारपण आलेले प्रेक्षकांनी पाहिले.

व्हिक्तोर एरिसेच्या ‘एल एस्पिरितु दे ला कोल्मेना’त (१९७३), म्हणजे ‘मधमाश्यांच्या पोळ्याचा आत्मा’ या चित्रपटात, १९४० सालचे खेडे आहे. ओसाड झोपडीत लपलेल्या एका फरारी माणसाला लहानगी आना खायला नेऊन देते. रात्री त्याला गोळ्या घातल्या जातात. तिने त्याला दिलेल्या कोटात वडिलांचे घड्याळ असते. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावर फेर्नांदो फेर्नान गोमेस ते घड्याळ उघडतो, त्यातले संगीत वाजते, आणि तो एकेका मुलीकडे पाहतो. आना तोरेंतच्या डोळ्यांत त्याला उत्तर मिळते. कोणी काही बोलत नाही. चौघांचे कुटुंब या प्रसंगात एकत्र एका चौकटीत दिसतही नाही. इथे मौन ही सेन्सॉरला चकवण्याची युक्ती राहिलेली नाही. ती घराची रीत झाली आहे. दडपशाहीची खरी किंमत आम्हांला इथे दिसते. कापलेले संवाद पुन्हा जोडता येतात. मुलांना न सांगितलेल्या गोष्टी कोणत्या कपाटातून काढायच्या?

१९७७च्या अखेरीस स्पेनमधील सेन्सॉर अधिकृतपणे संपला. २०२३ साली एरिसेने ‘सेर्रार लोस ओखोस’, म्हणजे ‘डोळे मिटणे’, हा चित्रपट केला. त्यात चित्रीकरण अर्धवट सोडून बेपत्ता झालेला एक नट वर्षांनंतर सापडतो, पण त्याची स्मृती गेलेली असते. त्याची मुलगी त्याला भेटायला येते आणि आपले नाव सांगते: आना. ही भूमिका आना तोरेंतनेच केली आहे. डोळे तेच आहेत, पन्नास वर्षे लोटलेली आहेत, आणि या वेळी ती बोलते. बाप ओळखत नाही. बोलण्याची मुभा मिळेपर्यंत ऐकणाऱ्याची स्मृती शिल्लक असेलच, याची हमी कोणतीही राजवट देत नाही.