लोहाराने दान दिलेली वाट

रविवारी गाडी काढावी आणि रानात भटकून यावे, ही चैन मोटारवाल्यांची, असे आपल्या वस्त्यांत समजले जाते. वाचकहो, गाडी आमच्याही घरी आहे. मुले तिला थट्टेने ‘स्पोर्ट्स कार’ म्हणतात. ती म्हणजे वडिलांची बजाज चेतक. वडील कारखान्यात फिटर होते. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावावा लागे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आता जुन्या चेतकचे उत्पादन केव्हाच थांबले, नवी चेतक विजेवर चालते. आमची मात्र थोडी कलती केली की दुसऱ्या किकला सुरू होते. पर्यावरण कर भरतो, पीयूसी काढतो, पण विकायचा विषय निघाला की आई गप्प होते.

या हिवाळ्यात आम्ही घाटकोपरहून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. स्कूटरवर चौघे बसवण्याचे दिवस गेले. पत्नी व धाकटा मेट्रोने अंधेरी आणि तेथून लोकलने निघाले. मी व थोरली मुलगी हेल्मेट घालून स्कूटरवर. विक्रोळीच्या गांधीनगर नाक्यावरून जोगेश्वरीचा लिंक रोड धरला. उजव्या हाताला पवई तलाव, डावीकडे आत चांदिवली. तेथील संघर्षनगराची हकिगत मुलीला सांगितली. १९९७ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील हजारो झोपड्या पाडण्यात आल्या. लोक रस्त्यावर आले, लढले, आणि त्यांतील अनेक कुटुंबांना पुढे संघर्षनगरात घरे मिळाली. जंगल वाचले पाहिजे, यात वाद नाही. तुळशी व विहार हे तलाव त्याच जंगलात आहेत आणि मुंबई त्यांचे पाणी पिते. परंतु शहराला गवंडी हवा, मोलकरीण हवी आणि त्यांना राहायला जागा मात्र नको, हा न्याय मला कधी पटला नाही.

उद्यानाच्या दारात स्कूटर लावली. पत्नी व धाकटा आमच्या आधीच पोहोचले होते, त्यावरून स्कूटरची बरीच चेष्टा झाली! तेथून कान्हेरीची लेणी सुमारे सहा किलोमीटर. आम्ही चालत निघालो. दोन्ही बाजूंना साग, पळस, काटेसावर आणि आठेक वर्षांनी एकदा फुलणारी कारवी. बिबट्याचे हे घर आहे, म्हणून मुलांना हाताशी धरून, मुख्य रस्ता न सोडता चालावे.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळ्या पाषाणाचा डोंगर. येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास काम सुरू झाले आणि हजार वर्षे येथे भिक्खूसंघ नांदला. बहुतेक मंडळी तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील उंच बुद्धमूर्तींना वंदन करतात, फोटो काढतात आणि परततात. वर चढून जाणारे थोडे. खरी कान्हेरी मात्र वरच आहे. भिक्खूंच्या खोल्या, झोपण्याचे दगडी ओटे, अकराव्या लेण्यातील लांबच लांब दोन बैठका, आणि जागोजागी पाण्याच्या पोढी. पावसाचे पाणी खडकातल्या पन्हळींतून टाक्यांत उतरवले आहे. आपल्या चाळीत नळाला पाणी आले नाही की हंडे घेऊन धावणाऱ्या बायकांना ही कारागिरी कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. पत्नी एका टाक्यापाशी कितीतरी वेळ उभी होती.

हे सारे राजांनी केले, असे शाळेत वाटे. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे नाव चैत्यगृहाच्या लेखात आहे खरे, पण तेथेही खर्च करणारे व्यापारी होते. कल्याण, सोपारा, नाशिक येथील माणसांची नावे या खडकांवर आहेत. कल्याणच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले. आणि कल्याणच्याच नंद नावाच्या एका लोहाराने दिली वाट! भिक्खूंना व उपासकांना चढता यावे म्हणून डोंगरातली पायवाट. भाता फुंकणाऱ्या, घण मारणाऱ्या माणसाने आपल्या कमाईतून हे दान दिले आणि आपल्या धंद्यासकट नाव कोरवले. जात लपवावी, धंदा लपवावा, असे त्याला वाटले नाही. फिटरच्या नातीला मी हे सांगितले तेव्हा ती पायऱ्यांवरून हात फिरवीत म्हणाली, “पप्पा, आजोबांसारखाच की!”

नव्वदाव्या लेण्यात पारशी प्रवाशांनी १००९ व १०२१ साली पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत. आज मात्र कुणी खिळ्याने आपले व प्रेयसीचे नाव कोरीत असेल तर त्याला तिथल्या तिथे अडवावे.

उद्यान व लेणी सोमवारी बंद असतात. सकाळी लवकर जावे, डबा व पाणी सोबत असावे, कचरा परत आणावा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांनी चैत्यगृहापाशी सावलीत बसावे; तरुणांनी वर जाऊन यावे.